लांब पल्ल्याची शर्यत : सर दोराबजी टाटा यांचे अल्पचरित्र

शाळेच्या क्रीडोत्सवात शंभर यार्डांच्या शर्यतीस टाळ्यांचा कडकडाट होतो. लांब पल्ल्याची शर्यत शेवटपर्यंत पाहावयास मात्र थोडेच लोक थांबतात. पहिल्या शर्यतीत अंतिम रेषा आरंभापासूनच डोळ्यांसमोर असते. दुसरीत ती दिसत नाही. एकेक वळण मागे टाकीत धावावे लागते. मनुष्याचे आयुष्य या दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि प्रेषित पौलानेही त्यास शर्यतीचीच उपमा दिली आहे. पुढे काय व्हावयाचे हे शालान्त वर्गातील पुष्कळ मुलांस ठाऊक नसते, व त्यामुळे त्यांचे आईबापही चिंतेत पडतात. अशा वाचकांपुढे आम्ही आज सर दोराबजी टाटा यांचे चरित्र ठेवीत आहो.

दोराबजींचा जन्म मुंबईस २७ ऑगस्ट १८५९ रोजी झाला. सुप्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा हे त्यांचे वडील. १८७५ साली ते विलायतेस गेले व १८७७ मध्ये केंब्रिज येथे दाखल झाले. तेथे क्रिकेट, फुटबॉल, नौकानयन व अश्वारोहण यांत त्यांनी नाव मिळविले. परंतु दोनच वर्षांनी ते परत आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ साली पदवी घेतल्यावर दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट पत्रात बातमीदारी केली. मग वडिलांनी त्यांस कापसाच्या व्यापारात घेतले, गिरणी चालेल की नाही हे पाहण्यास पाँडिचेरीस धाडले, आणि पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये काम शिकविले. पंचविशी आली तरी आयुष्याचा मार्ग निश्चित नव्हता. पण हा तरुण कोठे स्वस्थ बसला नाही. एकदा तर भर उन्हात मुंबईहून खडकीपर्यंत ते नऊ तासांत घोड्यावरून गेले. वाटेतील बोरघाटाची चढण आमच्या वाचकांस सांगावयास नको!

पोलादाचा कारखाना काढावा ही जमशेटजींची मोठी आकांक्षा होती. तिच्या पूर्तीसाठी दोराबजी वेल्ड नामक भूगर्भशास्त्रज्ञासह चांदा जिल्ह्याच्या अरण्यात लोखंडाच्या शोधार्थ हिंडले. वाघांच्या वस्तीचे रान, बैलगाडीचा प्रवास आणि पाण्याची वाण! लोखंड आढळले, पण पुरेसे नाही. जोडीस योग्य कोळसाही मिळेना. शेवटी शोध सोडीत असल्याचे कळविण्यास दोराबजी नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालविण्यासाठी ते समोरच्या पदार्थसंग्रहालयात शिरले, आणि तेथे भिंतीवरील भूस्तरांच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. पाऊल पुन्हा पुढे पडले. दुर्गचे डोंगर लोखंडाने भरलेले निघाले, तरी कारखान्याची जागा पुढे आणखी पूर्वेस, साकची येथे ठरली. मध्यंतरी १९०४ साली जमशेटजी निवर्तले. १९०७ साली कंपनी स्थापन झाली व १९१२ मध्ये पोलाद तयार होऊ लागले. जमशेटजींनी योजिलेल्या जलविद्युतेच्या कामाचा भारही मुलानेच उचलला. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली.

धावण्याची आवड मात्र दोराबजींस सुटली नव्हती. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांस ते अध्यक्ष या नात्याने हजर होते. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे, पाय अनवाणी, रस्ता खडीचा. नियमांची त्यांस माहिती नव्हती. मैदान इतके लहान की शंभर यार्डही वळण घेऊन धावावे लागत. तथापि लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीचा होता. पायांत बळ आहे, वाट दाखविणारा नाही, हे दोराबजींनी ओळखले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या साहाय्याने त्यांनी ऑलिंपिक सामन्यांत हिंदुस्थानास प्रवेश मिळविला व पदरचे द्रव्य खर्चिले. १९२० साली अँटवर्प येथे बेळगावचे फडेप्पा चौगुले ४२,७५० मीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही. परंतु त्यांनी शर्यत पुरी केली, आणि मागून येणाऱ्यांस वाट मोकळी झाली. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघ स्थापन झाला, तेव्हा दोराबजीच पहिले अध्यक्ष झाले.

दोराबजींची स्वतःची कसोटी १९२४ साली आली. पोलादाच्या कंपनीत मजुरांचे पगार देण्यासही पैसा उरला नव्हता. पासष्टीच्या उंबरठ्यावरील या गृहस्थाने आपली सर्व खाजगी संपत्ती, पत्नी मेहेरबाई यांच्या जवाहिरासह, गहाण टाकून कर्ज उभारले व कंपनी तारली. १९३१ साली मेहेरबाई वारल्या. पुढील वर्षी सारी मालमत्ता लोककार्यासाठी विश्वस्तांच्या हाती देऊन दोराबजींनी ३ जून १९३२ रोजी जर्मनीत देह ठेविला. त्याच निधीतून १९४१ साली परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले.

मुलांनो, नागपूरचा तो नकाशा भिंतीवर आधीपासूनच होता. परंतु चांद्याचे रान तुडविलेल्या मनुष्यासच त्याचा अर्थ कळला. दिशा आधी कळावी व मग चालावे असे म्हणणारा जागीच राहतो. हाती आलेले काम मन लावून करणाऱ्यास चालता चालता दिशा सापडते. पालकांसही आमची विनंती आहे की, पहिल्याच फर्लांगात मुलांकडे अंतिम रेषेचा पत्ता मागू नये. जमशेटजींनी मुलास अनेक वाटा चालू दिल्या, म्हणूनच त्यांच्यामागे त्यांचे कार्य थांबले नाही.