‘पाठलाग’चे राजाभाऊ

अमरावतीहून नागपूरच्या दिशेने निघाले की शहराची वस्ती विरळ होते न होते तोच नांदगाव पेठ लागते. एका बाजूला जुने गाव, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत आणि मधून रात्रंदिवस धावणारा महामार्ग. संध्याकाळनंतर वसाहतीतील रस्ते ओस पडतात. पत्रकारितेच्या वर्गात लघुपट करण्याचे काम मिळालेल्या विद्यार्थ्यांना अशी जागा भुरळ घालणारच. अमरावतीत विद्यापीठ आहे, २०११ पासून भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्रही आहे. लघुपटाचा विषय निवडण्याची मोकळीक दिली की विद्यार्थ्यांचा पहिला कौल बहुधा रहस्यपटाला असतो. अंधार, एकटी व्यक्ती, मागून येणारी पावले आणि शेवटी धक्का, असा त्याचा ठरलेला आराखडा. चित्रीकरण दोन रात्रींत उरकते. मात्र पडद्यावर पाहताना धक्का कुणालाच बसत नाही.

हा धक्का कसा बसवायचा, याचे उत्तर मराठीत साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे. ते देणारे दिग्दर्शक राजा परांजपे रहस्यपटांसाठी ओळखले जात नसत. प्रेक्षकांच्या मनातली त्यांची प्रतिमा होती ती हसवणाऱ्या, आणि हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कलावंताची. १९६४ साली त्यांनी ‘पाठलाग’ केला, आणि दोन वर्षांच्या आत त्या कथेवर तमिळ व हिंदीत चित्रपट निघाले. पुढच्या पिढ्यांना हिंदी चित्रपट आठवला. मूळ मराठी मात्र विस्मरणाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

राजा परांजपे यांचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेचा. मिरज ही संगीताची पेठ. सतार आणि तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव नाटक कंपन्यांच्या वाटेवरचेही होते. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये मराठीत बोलू लागला तेव्हा परांजपे बावीस वर्षांचे होते. त्यांनी अभिनेता म्हणून चित्रपटात पाय ठेवला आणि कॅमेऱ्यासमोरची कला अंगवळणी पाडून घेतल्यावर ते कॅमेऱ्याच्या मागे गेले. त्या काळी हे शिकविणारी शाळा आपल्याकडे नव्हती. पुण्यातील चित्रपट प्रशिक्षण संस्था स्थापन झाली ती १९६० मध्ये, प्रभात कंपनीच्या जागेवर. तोपर्यंत स्टुडिओ हाच वर्ग होता, आणि परीक्षा तिकीटबारीवर होत असे.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत ते दिग्दर्शक म्हणून स्थिरावले. १९५० चा ‘पुढचं पाऊल’, १९५२ चे ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’, १९५४ चा ‘ऊनपाऊस’, १९५५ चा ‘गंगेत घोडं न्हालं’, १९५६ चा ‘आंधळा मागतो एक डोळा’, १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’ ही यादी नुसती वाचली तरी मराठी चित्रपटाचे एक दशक डोळ्यांपुढे उभे राहते. लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे आणि दिग्दर्शन राजाभाऊंचे, असा त्रिवेणी संगम त्यांतील अनेक चित्रपटांत होता. ‘लाखाची गोष्ट’ने राजा गोसावी हा नायक दिला, ‘आंधळा मागतो एक डोळा’तून रमेश देव पडद्यावर आले. ‘पेडगावचे शहाणे’ची हिंदी आवृत्ती ‘चाचा चौधरी’ या नावाने राजाभाऊंनीच केली.

या चित्रपटांना विनोदी किंवा कौटुंबिक म्हणून बाजूला काढण्याची चूक सहज होते. ‘पेडगावचे शहाणे’ नीट पाहिला तर ‘पाठलाग’ची बीजे त्यात सापडतात. शहाणा कोण आणि वेडा कोण, याविषयी प्रेक्षकाने एक समज करून घ्यायची आणि दिग्दर्शकाने तिच्याशी खेळत राहायचे, असा तो डाव आहे. ‘ऊनपाऊस’मध्ये राजाभाऊंनी स्वतः वृद्ध शिक्षकाची भूमिका केली. सुमती गुप्ते पत्नीच्या भूमिकेत होत्या. आयुष्यभर मुलांना शिकविणाऱ्या माणसाची म्हातारपणी पोटच्या मुलांकडून होणारी परवड पाहताना रहस्य कसलेच नसते. तरीही पुढच्या प्रसंगात या जोडप्याच्या वाट्याला काय येणार, या चिंतेने प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो. उत्कंठा निर्माण होण्यासाठी आधी पात्राविषयी माया वाटावी लागते, हे गणित राजाभाऊंना रहस्यपट करण्यापूर्वीच कळले होते.

रहस्यकथा तेव्हाच्या मराठी वाचकाला नवी नव्हती. बाबुराव अर्नाळकरांची झुंजार आणि काळापहाड ही पात्रे घरोघरी पोहोचली होती. फिरत्या वाचनालयांतून त्यांच्या पुस्तकांवर उड्या पडत. पडद्यावर मात्र रहस्य म्हणजे प्रामुख्याने हिंदीचा प्रांत होता. १९४९ च्या ‘महल’ने त्याला वळण दिले, १९६२ च्या ‘बीस साल बाद’ने ते लोकप्रिय केले, आणि १९६४ मध्ये ‘वह कौन थी’ने पांढऱ्या साडीतील गूढ स्त्रीला घराघरांत नेले. जुनी हवेली, धुके आणि दुरून येणारे गाणे हे या चित्रपटांचे भांडवल होते. मराठी निर्मात्याला असा थाट परवडण्याजोगा नव्हता. कच्ची फिल्म परदेशातून येत असे, ती जपून वापरावी लागे आणि मराठी चित्रपटाची बाजारपेठ तर मर्यादितच. एकेका दृश्याचे कितीतरी वेळा चित्रीकरण करण्याची चैन नव्हती. त्यामुळे सगळी मदार कागदावरच्या तयारीवर.

राजाभाऊंनी निवडली ती जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी. कथेचा सांगाडा असा : एका नामांकित वकिलाची लाडकी पत्नी मरण पावते. त्याने तिला स्वतःच्या डोळ्यांनी जाताना पाहिलेले आहे. तो दुःखात बुडालेला असतानाच पोलिसांच्या ताब्यात एक स्त्री येते, ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते. आपण त्याचीच पत्नी आहोत, असे ती सांगू लागते. दोघांच्या एकांतातले, तिसऱ्याला ठाऊक असू नयेत असे तपशीलही तिला माहीत असतात. प्रकरण न्यायालयात जाते. आयुष्यभर इतरांची उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला आपल्याच संसाराची उलटतपासणी घेण्याची पाळी येते.

लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. या कथेत धावाधाव नाही, भूतही नाही. बराचसा भाग दिवाणखान्यात आणि न्यायालयात घडतो. प्रेक्षकाला अडकवून ठेवणारा प्रश्न एकच आहे, या बाईवर विश्वास ठेवायचा की नाही? ती खोटी ठरली तर ती अट्टल ठक ठरते. खरी ठरली तर एका नवऱ्याने आपल्या जिवंत पत्नीला भर न्यायालयात नाकारले, असे होते. कोणत्याही बाजूने निकाल लागला तरी कुणाचे तरी आयुष्य उद्ध्वस्त होणार, हे प्रेक्षकाला उमगते, आणि म्हणून साध्या प्रश्नोत्तरांनाही धार येते. उलगड्याची किल्ली जुळ्या बहिणीत आहे. तसे पाहिले तर जुळ्यांची युक्ती फार जुनी. मात्र ती उघड होईपर्यंत प्रेक्षक त्या वकिलाच्या बाजूने इतका गुंतलेला असतो की युक्ती जुनी असल्याचे त्याच्या ध्यानातही येत नाही.

वकिलाच्या भूमिकेत डॉ. काशिनाथ घाणेकर होते. पेशाने दंतवैद्य असलेल्या घाणेकरांनी १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील संभाजी रंगवून रंगभूमी दणाणून सोडली होती. रंगमंचावर उसळणाऱ्या या नटाला राजाभाऊंनी आतल्या आत घुसमटणारी भूमिका दिली. नायिका भावना यांच्या वाट्याला दुहेरी काम आले. एकच चेहरा, आणि त्यामागे दोन निराळ्या बायका आहेत की एकच, हा संशय अखेरपर्यंत जिवंत ठेवायचा, हे काम कठीणच. तेव्हा एकाच चौकटीत एका कलावंताला दोनदा दाखवायचे तर भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करीत, मग फिल्म मागे फिरवून झाकलेल्या बाजूचे चित्रण करीत. कॅमेरा केसभर हलला तरी सारी मेहनत वाया. आज संगणकावर हे काम सहज होते. कोणत्या क्षणी कुठला चेहरा दाखवायचा, हे मात्र अजूनही दिग्दर्शकालाच ठरवावे लागते.

गीते माडगूळकरांची होती, संगीत दत्ता डावजेकरांचे. आशा भोसले यांच्या आवाजातील गाणी चित्रपटापेक्षाही दीर्घायुषी ठरली. रहस्यपटात गाणी म्हणजे अडथळा, अशी तक्रार नेहमी होते. ‘पाठलाग’मध्ये गाणे पुराव्यासारखे येते, गेलेल्या पत्नीची आठवण ते जागी करते आणि संशयाची गाठ आणखी घट्ट करते.

१९६३ सालच्या ‘हा माझा मार्ग एकला’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. त्याच चित्रपटातून सचिन हा बालकलाकार राजाभाऊंनी पडद्यावर आणला. पाठोपाठ १९६४ चे पदक ‘पाठलाग’ला मिळाले. १९६५ मध्ये या कथेवर तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ निघाला. १९६६ मध्ये राज खोसला यांनी ‘मेरा साया’ केला. सुनील दत्त, साधना आणि मदनमोहन यांचे संगीत अशी भरभक्कम जोड मिळाल्यावर तो देशभर गाजला. त्यातील नृत्यगीत आजही लग्नाच्या वरातीत वाजते. खोसलांचे कौशल्य वादातीत आहे. तरीही ‘मेरा साया’चे कौतुक करणाऱ्या मराठी माणसाला तो मूळचा आपल्याच घरचा आहे हे ठाऊक नसावे, ही गोष्ट खटकते.

वऱ्हाडचा या कहाणीशी संबंध येतो तो राजाभाऊंच्या शिष्यामुळे. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे दत्तात्रय मायाळू हे तरुण मद्रासला ‘चांदोबा’ मासिकात काम करीत होते. चित्रपटाच्या कामानिमित्त राजाभाऊ मद्रासला आले, तेथे दोघांची गाठ पडली, आणि मायाळू त्यांचे सहायक झाले. पाठ्यपुस्तक नाही, वेळापत्रक नाही, पदवी तर नाहीच. गुरूच्या शेजारी उभे राहून पाहायचे, सांगितलेले काम करायचे आणि न सांगितलेले हेरायचे. पटकथेत कुठले वाक्य का गाळले, नटाला केव्हा मोकळे सोडले, कॅमेरा कुठे ठेवला, हे सारे असेच उचलायचे होते. या उमेदवारीतून जे दिग्दर्शक घडले त्यांनी नावही गुरूचे लावले. राजाभाऊंच्या नावातला ‘राज’ आणि स्वतःच्या नावातला ‘दत्त’, मिळून राजदत्त.

शिष्याने स्वतंत्रपणे पहिला चित्रपट केला तो १९६७ मधील ‘मधुचंद्र’. त्याचे नायक होते ‘पाठलाग’चेच काशिनाथ घाणेकर. दहा वर्षांनी राजदत्त यांनी वऱ्हाडच्या मातीतल्या गाडगे महाराजांवर ‘देवकीनंदन गोपाला’ केला, डॉ. श्रीराम लागू यांना हाती खराटा देऊन. गुरूप्रमाणे शिष्यानेही एकाच साच्यात स्वतःला कोंडून घेतले नाही. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले तेव्हा धामणगावच्या नावाबरोबर राजाभाऊंच्या नावाचीही पुन्हा उजळणी झाली. घाणेकरांचे वऱ्हाडशी जुळलेले नाते मात्र दुःखद आहे. नाटकाच्या दौऱ्यावर असताना २ मार्च १९८६ रोजी अमरावतीतच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

‘पाठलाग’नंतर राजाभाऊंनी १९६५ मध्ये ‘पडछाया’ केला, १९६६ मध्ये ‘गुरुकिल्ली’ आणि १९६७ मध्ये ‘काका मला वाचवा’. त्यानंतरचा काळ बदललेल्या मराठी चित्रपटाचा होता. तमाशापट आणि पुढे दादा कोंडके यांची लाट यांत मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत नाट्य शोधणाऱ्या दिग्दर्शकाला जागा कमी होत गेली. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी राजा परांजपे यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘अष्टविनायक’ प्रदर्शित झाला आणि महाराष्ट्रभर तुफान चालला. दिग्दर्शक होते राजदत्त, आणि नायक ‘हा माझा मार्ग एकला’मधला तो छोटा सचिन.