विश्लेषण : भुयारी रेल्वेत गस्त घालणारा पोलीस ‘कॉम्पस्टॅट’चा जनक कसा झाला? जॅक मेपल कोण होते?

गुन्हा कुठे आणि किती वाजता घडला हे नकाशावर मांडायचे, तिथे लगेच बंदोबस्त लावायचा आणि पुढच्या बैठकीत त्या भागाच्या ठाणेप्रमुखाला जाब विचारायचा, ही पद्धत आज जगातील अनेक पोलीस दलांत रुळली आहे. तिचा उगम न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत झाला. शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्या जॅक मेपल नावाच्या पोलिसाने ती भिंतीवरचा कागद आणि मेणखडू वापरून सुरू केली. प्रवाशांना रात्रीच्या गाडीत निर्धास्त बसता यावे म्हणून सुरू झालेली ही युक्ती पुढे शहराच्या पोलीस मुख्यालयात पोहोचली. तिचे श्रेय किती आणि तिने नुकसान काय केले, यावरचा वाद मात्र मेपल यांच्या मृत्यूनंतरही सुरूच राहिला.

जॅक मेपल कोण होते?

मेपल यांचा जन्म २३ सप्टेंबर १९५२ रोजी झाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील रिचमंड हिल येथे ते वाढले. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. ब्रुकलिनमधील नावाजलेल्या तंत्रशाळेत त्यांना प्रवेश मिळाला होता, पण ते शिक्षण त्यांनी मध्येच सोडले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते ट्रान्झिट पोलीस दलात दाखल झाले. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये तीन स्वतंत्र पोलीस दले होती. शहर पोलीस, सरकारी गृहसंकुलांचे पोलीस आणि भुयारी रेल्वेचे ट्रान्झिट पोलीस. यातल्या तिसऱ्या दलाला मान सर्वात कमी. जमिनीखाली काम करणारे म्हणून वरचे पोलीस त्यांची ‘गुहेतले पोलीस’ अशी हेटाळणी करत.

मेपल यांच्या वाट्याला टाइम्स स्क्वेअर आणि ४२व्या रस्त्याचा परिसर आला. पाकीटमार, साखळीचोर, अमली पदार्थ विकणारे यांचा तो अड्डाच होता. पुढे लेफ्टनंट झालेल्या मेपल यांनी सापळा लावणारे पथक चालवले. साध्या वेशातील पोलीस गळ्यातली साखळी दिसेल अशा बेताने दारू पिऊन झोपल्याचे सोंग करत आणि चोराने हात घातला की आसपासचे सहकारी त्याला पकडत. बुटका, स्थूल बांधा, डोक्यावर होम्बर्ग टोपी, गळ्यात बो टाय आणि पायांत दुरंगी बूट असा मेपल यांचा थाट असे. पोलिसाच्या पगारात न परवडणाऱ्या प्लाझा हॉटेलच्या बारमध्ये बसण्याची हौस त्यांनी घरावर कर्ज काढून भागवली. चोर कसा विचार करतो, सावज कसे निवडतो आणि कोणत्या दाराने पळतो, हे ज्ञान मात्र त्यांना वर्षानुवर्षांच्या फलाटावरच्या गस्तीतून मिळाले.

तेव्हा भुयारी रेल्वेची अवस्था काय होती?

साडेचारशेहून अधिक स्थानके असलेली, दिवसरात्र धावणारी ही रेल्वे न्यूयॉर्कची जीवनवाहिनी. ऐंशीच्या दशकात मात्र ती शहराच्या भीतीचे प्रतीक बनली होती. डिसेंबर १९८४ मध्ये एका प्रवाशाने, चार तरुण आपल्याला लुटणार असे वाटून, धावत्या डब्यातच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याला गुन्हेगार म्हणावे की नायक, यावर शहर दुभंगले. पोलिसांवरचा लोकांचा विश्वास किती उडाला होता, याची ती खूण होती. १९९० या एका वर्षात भुयारी रेल्वेत २६ खून झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेनिसची अमेरिकन खुली स्पर्धा पाहण्यासाठी यूटाहून कुटुंबासह आलेल्या २२ वर्षांच्या तरुणाला मॅनहॅटनमधील स्थानकात भोसकून मारण्यात आले. लुटारूंपासून आईवडिलांना वाचवण्यासाठी तो मध्ये पडला होता.

खुनांपेक्षाही रोजच्या प्रवाशाला धाक होता तो टोळक्यांचा. पाच-सहा जणांचे टोळके डब्यात शिरे, एकाला घेरून लुटे आणि पुढच्या स्थानकावर पांगे. त्यातला एखादा सापडला की पोलिसांच्या कागदोपत्री गुन्हा उघडकीस आल्याची नोंद होई. उरलेले चौघे दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत असत.

‘भविष्याचे तक्ते’ म्हणजे काय?

मेपल यांचा आक्षेप नेमका इथे होता. पाच जणांनी केलेली लूट एका अटकेने संपत नाही. पकडलेल्याकडून बाकीच्यांची नावे काढून शेवटचा साथीदार हाती येईपर्यंत तपास बंद करायचा नाही, असा दंडक त्यांनी घातला. दुसरा प्रश्न होता तो पोलीस नेमायचे कुठे हा. गस्तीची वाटणी ठरावीक पद्धतीने होई, गुन्हे मात्र ठरावीक जागी आणि वेळी घडत.

यावर त्यांनी सुमारे ५५ फूट लांबीची भिंत कागदांनी भरून टाकली. त्यावर प्रत्येक मार्ग आणि स्थानक रेखाटले. प्रत्येक लूट, हिंसक गुन्हा आणि मोठी चोरी मेणखडूने नोंदवली. उलगडलेले आणि न उलगडलेले गुन्हे वेगळे दाखवले. या कागदांना त्यांनी ‘भविष्याचे तक्ते’ असे नाव दिले. फायलींत विखुरलेली माहिती भिंतीवर आल्यावर कोणत्या स्थानकावर, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारची टोळी वावरते हे नजरेत भरू लागले. त्यानुसार पोलीस नेमले, तर पुढचा गुन्हा घडण्याआधीच तिथे पोहोचता येईल, हा त्यामागचा विचार होता.

फुकट्या प्रवाशांवरील कारवाईचा गुन्ह्यांशी काय संबंध?

एप्रिल १९९० मध्ये बोस्टनहून आलेले विल्यम ब्रॅटन ट्रान्झिट पोलिसांचे प्रमुख झाले. लेफ्टनंट मेपल यांनी त्यांच्यापुढे आपली योजना मांडली आणि ब्रॅटन यांनी त्यांना हाताशी धरले. त्या काळी दररोज दीड लाखाहून अधिक लोक तिकीट न काढता फाटकांवरून उड्या मारून आत शिरत. सव्वा डॉलरहून कमी भाड्यासाठी अटक करून पोलिसाचा अख्खा दिवस कागदपत्रांत घालवणे वरिष्ठांना परवडत नसे. ब्रॅटन यांनी एका बसचे फिरते ठाणे केले. ती बस स्थानकाबाहेर उभी राही. बोटांचे ठसे, ओळख पटवणे, जुनी वॉरंट तपासणे ही कामे तिथेच उरकत.

त्यातून हाती लागलेली माहिती धक्कादायक होती. सुरुवातीला काही स्थानकांवर पकडलेल्या फुकट्यांपैकी साधारण सातांतील एकावर आधीचे वॉरंट निघालेले होते आणि एकवीसांतील एकाकडे शस्त्र होते. लुटारू तिकीट काढून लुटायला येत नव्हता. किरकोळ बेशिस्त रोखली की मोठे गुन्हे आपोआप थांबतात, या लोकप्रिय सिद्धान्तावर मेपल यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यांच्या लेखी फुकट्याची तपासणी हे सराईतापर्यंत पोहोचण्याचे एक साधन होते. १९९० ते १९९२ या काळात भुयारी रेल्वेतील गंभीर गुन्हे २७ टक्क्यांनी, तर लुटीच्या घटना एक तृतीयांशाने घटल्या.

‘कॉम्पस्टॅट’चा जन्म कसा झाला?

जानेवारी १९९४ मध्ये नवे महापौर रूडी जुलियानी यांनी ब्रॅटन यांना शहराचे पोलीस आयुक्त नेमले. ब्रॅटन यांनी मेपल यांना गुन्हे नियंत्रण धोरणाचे उपायुक्त केले. हेटाळणी होणाऱ्या दलातला लेफ्टनंट थेट मुख्यालयात उपायुक्त म्हणून बसला, हे अनेक जुन्या अधिकाऱ्यांना रुचले नाही.

मुख्यालयात मेपल यांना आढळले की शहरात काल किती गुन्हे घडले, हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. आकडे काही महिन्यांनी जमत आणि तेही वरिष्ठ सरकारी यंत्रणांना पाठवण्यापुरते. मेपल यांनी प्रत्येक ठाण्याकडून दर आठवड्याला आकडे मागवायला सुरुवात केली. भिंतीवरच्या कागदाची जागा संगणकाने घेतली. नावही संगणकातील फाइलवरून ‘कॉम्पस्टॅट’ असे पडले. त्याची चार सूत्रे होती : अचूक आणि ताजी माहिती, झटपट बंदोबस्त, परिणामकारक डावपेच आणि सतत पाठपुरावा. एलेन्स या उपाहारगृहात बसून मेपल यांनी ती कागदी रुमालावर लिहून काढली, असे सांगितले जाते.

पहाटे उठून सात वाजता मुख्यालयात हजर व्हायचे, मागच्या पडद्यावर आपल्या भागातील गुन्ह्यांचे ठिपके दिसत असताना मेपल आणि वरिष्ठ अधिकारी लुई ॲनिमोन यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, हा ठाणेप्रमुखांसाठी कसोटीचा प्रसंग असे. गुन्हे वाढले म्हणून नव्हे, तर ते का वाढले हे माहीत नाही आणि त्यावर काही केले नाही, म्हणून झाडाझडती होई. अनेकांना पद गमवावे लागले. एप्रिल १९९५ मध्ये ट्रान्झिट पोलीस शहर पोलिसांत विलीन झाले आणि जिथून ही पद्धत निघाली, ती भुयारी रेल्वेही याच बैठकीच्या कक्षेत आली.

गुन्हे खरोखर यामुळेच घटले का?

न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२०० हून अधिक खून झाले होते. १९९६ मध्ये हा आकडा हजाराच्या खाली आला. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाशी निगडित प्रशासकीय नवोपक्रमाचा पुरस्कार ‘कॉम्पस्टॅट’ला मिळाला. पण त्याच काळात सॅन डिएगोसारख्या, वेगळ्या पद्धतीने पोलीसकाम करणाऱ्या शहरांतही गुन्हे झपाट्याने घटले. क्रॅक कोकेनची लाट ओसरणे, आधीच सुरू झालेली पोलीसभरती, सुधारलेली अर्थव्यवस्था अशी अनेक कारणे अभ्यासक देतात. सगळे श्रेय एका पद्धतीला देता येत नाही, तसे ते पूर्णपणे नाकारताही येत नाही.

आकड्यांचा हट्ट कुठे नडला?

बैठकीत मान खाली जाऊ नये म्हणून गुन्हा रोखता येतो, तसा तो नोंदवण्याचे टाळताही येतो. जबरी चोरीची नोंद साधी चोरी म्हणून करणे, तक्रारदाराला परत पाठवणे असे प्रकार पुढे उघड झाले. निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या २०१० मधील पाहणीत अनेकांनी आकड्यांत फेरफार होत असल्याचे मान्य केले. कारवाईचे आकडे वाढवण्याच्या दडपणातून रस्त्यावर अडवून झडती घेण्याचे प्रकार २०११ मध्ये वर्षाला ६ लाख ८५ हजारांवर गेले. त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन तरुणांचा भरणा मोठा होता आणि बहुसंख्यांकडे काहीच सापडले नाही. २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली गेली, ती घटनाबाह्य ठरवली. मेपल यांचा भर सराईत गुन्हेगार नेमका हेरण्यावर होता. त्यांच्या पश्चात हत्यार तेच राहिले, नेम मात्र सुटला, असे त्यांचे चाहते म्हणतात. इतक्या दडपणावर उभ्या असलेल्या पद्धतीत हा धोका पहिल्यापासूनच होता, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

मेपल यांचे पुढे काय झाले?

जुलियानींशी बिनसल्यावर ब्रॅटन १९९६ मध्ये पायउतार झाले, पाठोपाठ मेपलही. मग त्यांनी न्यू ऑर्लिन्स, नेवार्क, फिलाडेल्फिया येथील पोलिसांना सल्ला दिला. बाल्टिमोरमध्ये हीच रीत कचरा, पाणी, रस्ते अशा नागरी सेवांना लावणारा ‘सिटीस्टॅट’ उपक्रम त्यांच्या मदतीने उभा राहिला. १९९९ मध्ये त्यांचे ‘द क्राइम फायटर’ हे पुस्तक आले आणि २००० मध्ये त्यांच्यावर बेतलेला नायक असलेली ‘द डिस्ट्रिक्ट’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने ४ ऑगस्ट २००१ रोजी मॅनहॅटनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.

त्यांच्या भिंतीवरील प्रत्येक खूण म्हणजे एका स्थानकावर, एका ठरावीक वेळी लुटला गेलेला एक प्रवासी होता. तो प्रवासी डोळ्यांसमोर होता तोवर त्या तक्त्यांनी गाड्या सुरक्षित केल्या. तो विसरला जाऊन नुसती बेरीज उरली, तेव्हा त्याच पद्धतीने तक्रारदाराला ठाण्याच्या दारातून परत पाठवले.