वामनदादांची गाणी आठवताना

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. आज साठीला टेकलेल्या आमच्या पिढीची तरुणाई त्यांच्या गाण्यांवर वाढली. १४ एप्रिलला वस्तीत मांडव पडायचा, हार्मोनियम-ढोलकी घेऊन गायन पार्टी यायची आणि गाणी पहाटेपर्यंत चालायची. पुढे कॅसेट आल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज घराघरांत पोहोचले. आता मिरवणुकीत डीजे लागला, की आमच्या वेळची गाणी राहिली नाहीत म्हणून आम्ही हळहळतो. ही हळहळ खोटी नाही. पण वामनदादांचे आयुष्य पाहिले, की ती तपासून घ्यावीशी वाटते.

वामनदादांना लहानपणी शाळा मिळाली नाही. गुरे राखणे, मिळेल ते काम करणे हेच त्यांचे बालपण. पोटासाठी ते मुंबईत आले, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत काम केले. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना वाचता येत नसल्याची लाज त्यांना डाचू लागली. मोठ्या वयात त्यांनी एका मास्तरांकडून अक्षरओळख करून घेतली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकले. ज्याला पत्र वाचता येत नव्हते, त्याने पुढे हजारो गाणी लिहिली.

१९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. म्हणजे चाल त्या काळच्या तरुणांच्या ओठावरची आणि शब्द वामनदादांचे. त्यांच्या आधी भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी हेच केले होते. तमाशाचा बाज लोकांना ठाऊक होता, तो त्यांनी घेतला. त्यातले देवदेवतांचे स्तवन काढले आणि तिथे माणुसकीचा, शिक्षणाचा, संघर्षाचा विचार आणला. बाबासाहेबांच्या चळवळीने भारावलेले वामनदादा याच वाटेने गेले. त्यांनी सिनेमासाठीही गीते लिहिली. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गीत आहे. पण सिनेसृष्टीत त्यांचा जीव रमला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. पुस्तके वाचू शकणारे तेव्हा थोडे होते. अशा वेळी वामनदादा खेडोपाडी फिरले. बुद्ध कोण, भीमराव कोण, व्यसन का सोडायचे, पोरीला शाळेत का घालायचे, हे त्यांनी गाण्यातून सांगितले. आमच्या आयाबायांना अक्षर येत नव्हते, पण गाणे पाठ होते. कित्येक घरांत धम्माचा पहिला धडा असाच पोहोचला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे गीतसंग्रह आहेत. पण त्यांचा खरा संग्रह लोकांच्या ओठावर होता. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

आता आमच्या हळहळीकडे वळू. वामनदादांनी जुन्या चालीचा हट्ट धरला नाही. ते ज्यांच्यासाठी लिहीत, त्यांच्या कानाला जे गोड लागे, ते त्यांनी आपलेसे केले. त्या काळीही कुणा वडीलधाऱ्याला ही सिनेमाची चाल खटकली असेलच. मग आजचा पोरगा रॅपमधून जातीचा जाब विचारत असेल, तर तो वामनदादांच्याच वाटेवर आहे. त्याला नाक मुरडण्याचा आम्हाला अधिकार नाही. तक्रार करायचीच असेल, तर ती शब्द बुडवणाऱ्या आवाजाची करावी. ज्या दणदणाटात बाबासाहेबांचे एक वाक्यही ऐकू येत नाही, ती नुसती करमणूक झाली.

आणि एक प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारावा. ती गाणी आम्हाला चालीसकट आठवतात, पण त्यांनी सांगितलेले किती पाळले? ते पाळून मुलांना सांगितले, तर वामनदादांचे गाणे जुने होणार नाही.

लोककवी वामनदादा कर्डक यांना विनम्र अभिवादन. जय भीम! नमो बुद्धाय!