महेश्वरच्या मातोश्री : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची दिनचर्या व धर्माचरण

पाचगणीहून महाबळेश्वरला वरचेवर जाणाऱ्या आपणा सर्वांस माल्कम पेठ हे नाव परिचयाचे आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, 1829 च्या सुमारास, सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून जागा घेऊन ही वसाहत वसविण्यात आली. मात्र हेच माल्कमसाहेब त्यापूर्वी माळव्यात अधिकारी होते आणि तेथील लोकांकडून विचारपूस करून त्यांनी एका विधवा राणीचा दिनक्रम तासातासाने लिहून ठेवला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. 1823 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तो वृत्तांत आहे. राणीच्या पदरी असलेल्या माणसांनी स्तुती करणे स्वाभाविक आहे, हे जाणून त्यांनी अन्य लोकांकडेही चौकशी केली आणि सर्वांचे सांगणे एकच निघाले. पुढे आपल्या साताऱ्याचे इतिहाससंशोधक रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापून प्रसिद्ध केली. त्या राणी म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. घाट, मंदिरे आणि धर्मशाळा यांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. येथे त्यांच्या उतारवयातील नित्याचा दिवस कसा जात असे, याचाच मुख्यत्वे विचार करावयाचा आहे.

पूर्ववृत्त थोडक्यात सांगतो. 31 मे 1725 रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले, तेव्हा अहिल्याबाईंचे वय अवघे अठ्ठावीस होते. त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला होता. वृद्ध सासऱ्यांनी विनवणी करून त्यांना परावृत्त केले. 1766 मध्ये मल्हारराव गेले आणि 1767 च्या एप्रिलमध्ये एकुलता एक पुत्र मालेराव गेला. दौलतीवर डोळा ठेवणाऱ्यांनी राघोबादादांना पुढे केले. परंतु बाईंनी धैर्याने तो प्रसंग परतविला आणि थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. सैन्याचा भार तुकोजी होळकर यांच्यावर सोपवून बाईंनी नर्मदाकाठी महेश्वर येथे वास्तव्य केले आणि तेथून अठ्ठावीस वर्षे राज्य चालविले.

आता दिनचर्या. सूर्योदयापूर्वी एक तास उठावयाचे. स्नान, पूजा, त्यानंतर ग्रंथश्रवण. मग दानधर्म आणि ब्राह्मणभोजन, तेही स्वतः लक्ष घालून. त्यानंतर स्वतःचे साधे जेवण. त्यांच्या कुळात मांसाहारास मज्जाव नव्हता, तरीही त्यांनी तो वर्ज्य केला होता, याची नोंद आपल्या समाजातील वाचकांनी आवर्जून घ्यावी. जेवणानंतर पुन्हा प्रार्थना, थोडी विश्रांती, आणि दुपारी दोनच्या सुमारास दरबार. पडद्याआड न बसता सर्वांसमक्ष बसून त्या सायंकाळी सहापर्यंत लोकांचे गाऱ्हाणे ऐकत. पुढचे दोन-तीन तास देवपूजा व अल्पाहार यांत जात. रात्री नऊला पुन्हा कामकाज सुरू होई, ते अकरापर्यंत. मगच निद्रा. व्रतवैकल्यांचे दिवस आणि राज्यावर आलेला एखादा बिकट प्रसंग सोडला, तर या क्रमात वर्षानुवर्षे बदल झाला नाही.

अहिल्याबाई शिवभक्त होत्या. नर्मदेच्या मातीची शिवलिंगे करून पूजावयाची, असे लिंगार्चन महेश्वरी चालत असे. त्यांची उपासना आपल्याहून भिन्न असली, तरी या दिनक्रमाची घडण आपल्या घराघरांतील वयोवृद्ध श्राविकांना परकी वाटणार नाही. प्रातःकाळी सामायिक, देवदर्शन, स्वाध्याय, दुपारी घरकाम आणि सायंकाळी प्रतिक्रमण, असा नियम पाळणाऱ्या माता-भगिनी आपल्या परिचयाच्या आहेत. धर्माच्या दोन वेळांमध्ये जो संसार उरतो, तो अहिल्याबाईंच्या बाबतीत एका राज्याएवढा मोठा होता, इतकाच फरक. पती निवर्तल्यावर बाईमाणसाने एका कोपऱ्यात माळ घेऊन बसावे, अशी समजूत त्या काळी होती आणि आजही ती पुष्कळ घरांतून पूर्णतः गेलेली नाही. माळ अहिल्याबाईंच्याही हाती होती. मात्र दुपारी दोन वाजता ती बाजूस ठेवून त्या दरबारात येऊन बसत. राज्यकारभाराबद्दल आपल्याला ईश्वरापुढे जाब द्यावयाचा आहे अशी त्यांची श्रद्धा असल्याने दरबारचे कामही त्यांच्या लेखी उपासनेचाच भाग होता.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय कापडाचा असल्याने त्यांच्या वेषाविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. वैधव्यानंतर त्यांनी रंगीत वस्त्र कधी नेसले नाही. रंगीत काठही नसलेले शुभ्र वस्त्र आणि गळ्यात एक लहानशी माळ, एवढाच त्यांचा साज. असे असूनही आज हिंदुस्थानभर स्त्रिया ज्या महेश्वरी साड्या हौसेने नेसतात, त्या विणकामाला महेश्वरात आश्रय देण्याचे श्रेय परंपरेने याच बाईंकडे जाते. बाहेरगावचे कसबी विणकर आणून त्यांनी तेथे वसविले, आहेर-नजराण्यासाठी उंची वस्त्रे विणवून घेतली आणि शेकडो हातांना काम दिले. या साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे ती उलटसुलट कशीही नेसता येते. काठावरील नक्षीत महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडी कोरीव कामाचे नमुने उतरले आहेत. मध्यंतरी हा धंदा बसत चालला होता. 1979 मध्ये होळकर घराण्यातील मंडळींनी रेवा सोसायटी स्थापून त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आणली. इतक्या रंगांच्या उगमाशी असलेली बाई स्वतः मात्र पांढऱ्यातच राहिली.

दुसरी बाब हिशेबाची, आणि ट्रस्टच्या स्मरणिकेत ती येणे उचितच आहे. होळकरांकडे दोन प्रकारचे उत्पन्न होते, दौलतीचे आणि खासगीचे. 1734 मध्ये पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर मिळाली होती आणि त्यांच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वनाथाचे मंदिर 1780 मध्ये पुन्हा उभे राहिले, गयेचे विष्णुपद मंदिर 1787 मध्ये बांधून झाले. सोमनाथ, वेरूळ, पंढरपूर, जेजुरी अशी किती नावे घ्यावीत! या धर्मकार्याचा खर्च त्यांनी खासगीतून केला. रयतेच्या वसुलातून फौजफाटा व राज्यकारभार, आणि स्वतःच्या उत्पन्नातून धर्म, असे दोन जमाखर्च त्यांनी निराळे ठेवले. सार्वजनिक पैशातून स्वतःच्या नावाची पाटी लावण्याची प्रथा आज सर्वत्र रूढ झालेली असताना ही शिस्त विशेष उठून दिसते. या धर्मादाय वास्तूंच्या व्यवस्थेसाठी 1962 मध्ये विश्वस्त निधी स्थापण्यात आला.

व्यापारी वर्गाने तर त्यांचे ऋण विसरता कामा नये. निपुत्रिक सावकार मरण पावला की त्याच्या संपत्तीवर सरकारने हात टाकावयाचा, हा त्या काळचा सर्रास प्रघात होता. इंदूरचा देवीचंद नावाचा धनाढ्य सावकार असाच अपत्यहीन वारला. तुकोजी होळकर त्या वेळी इंदूरजवळ छावणी करून होते. कोणा स्वार्थी माणसांच्या सांगण्यावरून त्यांनी त्या धनात वाटा घेण्याचे मनात आणले. देवीचंदच्या विधवेने तातडीने महेश्वर गाठले आणि बाईंपुढे पदर पसरला. बाईंनी तिला वस्त्रे देऊन घराची व पेढीची मालकीण म्हणून कायम केले. इकडे तुकोजींना आज्ञा गेली की छावणी इंदूरपासून दूर हलवावी आणि माझ्या शहराला अन्यायाने उपद्रव देऊ नये. एका विधवेने दुसऱ्या विधवेच्या हाती तिच्या पतीची पेढी सोपविली. आपल्या समाजात अशा प्रसंगी दीर-पुतण्यांचे वर्तन कसे असते, याविषयी येथे अधिक लिहीत नाही. वाचक सुज्ञ आहेत.

जीवदयेच्या बाबतीत त्यांचा विचार किती सूक्ष्म होता, ते पाहून मन थक्क होते. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया आणि थंडीच्या प्रारंभी गोरगरिबांना व आश्रितांना गरम कपडे, ही व्यवस्था कोणीही दाता करील. महेश्वरच्या आसपास मात्र शेतात नांगर चालू असताना बाईंचा माणूस येऊन बैल थांबवी व त्यांना पाणी पाजी. शेतकरी आपल्या पिकावरची पाखरे हाकलतो, त्यात त्याचा दोष नाही. पण पाखरांनी जावे कोठे? म्हणून बाईंनी उभ्या पिकांची शेते विकत घेऊन ती पक्ष्यांसाठी मोकळी ठेवली. नर्मदेतील माशांनाही नित्य अन्न मिळे. पांजरपोळासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना या बाई आपल्यातल्याच वाटतील.

स्तुतीची त्यांना आवड नव्हती. एका ब्राह्मणाने त्यांच्या गौरवार्थ ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण इतक्या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले आणि तो नर्मदेत टाकण्याची आज्ञा केली. ग्रंथकर्त्याकडे पुढे त्यांनी लक्षही दिले नाही. स्मरणिकांसाठी लेख लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा!

इतका दानधर्म, इतकी नियमनिष्ठा; तथापि दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. कन्या मुक्ताबाई ही एकच त्यांची उरलेली. तिचा तरुण पुत्र नथोबा महेश्वरी मरण पावला आणि त्यानंतर काही काळाने, 1791 मध्ये, तिचे पती यशवंतराव फणसे हेही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या विनवणीमुळे चितेपासून मागे फिरलेल्या अहिल्याबाईंनी आता मुलीच्या पायाशी लोळण घेऊन तिला विनविले. मुलगी मायाळू होती, पण निश्चयाला पक्की. मातोश्रींचे वय झाले आहे, त्यांच्यामागे आपल्याला पती ना पुत्र, मग सन्मानाने जगाचा निरोप घेण्याची ही वेळही निघून गेलेली असेल, असा तिचा विचार होता. आईजवळ यावर उत्तर नव्हते. साऱ्या राज्याचे गाऱ्हाणे मिटविणाऱ्या बाईंची आपल्या घरात हार झाली. त्या अंत्ययात्रेबरोबर पायी चालत गेल्या. चितेजवळ दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठताच त्यांचा धीर सुटला, त्यांनी आक्रोश केला आणि धरलेल्या हातांना सोडवता येईना तेव्हा त्या हातांचे चावे घेतले. मग नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस अन्न नाही, तोंडातून शब्द नाही.

अशा वेळी श्रद्धा दुःख हलके करते की नाही, हे सांगणे प्रस्तुत लेखकाच्या अधिकाराबाहेरचे आहे. कर्मसिद्धान्त आपण सारेच जाणतो. तो चितेसमोर उभ्या असलेल्या मातेला समजावून सांगण्याचे धाडस कोणी करू नये. घडले ते एवढेच की चौथ्या दिवसानंतर बाई हळूहळू सावरल्या. मुलगी, जावई यांच्या स्मरणार्थ एक सुंदर स्मारक बांधण्याच्या कामात त्यांनी मन गुंतविले. पुन्हा पहाटेचे स्नान, पुन्हा ग्रंथश्रवण, पुन्हा दुपारी दरबार. वय सहासष्ट झाले होते. उपवास व व्रते देहाला मानवेनाशी झाली, तरी त्यांनी ती सोडली नाहीत.

ज्या वाड्यात हे सर्व घडले, तो राजवाडा म्हणावा असा भव्य नाही. लाकडी खांबांची ओसरी आणि साधी बैठक पाहून आपल्याकडील एखाद्या जुन्या वाड्याची आठवण व्हावी, इतकाच त्याचा थाट. खाली नर्मदेचा प्रशस्त घाट आहे. येथेच 13 ऑगस्ट 1795 रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, वयाच्या सत्तराव्या वर्षी अहिल्याबाईंनी देह ठेवला. त्यानंतर तेवीस वर्षांनी, होळकरांचा पराभव होऊन माळव्यात इंग्रजांचा अंमल बसला, तेव्हा माल्कमसाहेब गावोगाव चौकशी करू लागले. बाईंना पाहिलेली माणसे त्या वेळी हयात होती.