नगरच्या नात्याचा फ्रँकेनस्टाईन

वांगणी : मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात आणि वांगणीचे छोटेसे स्थानक लागते. आकाशदर्शनासाठी रात्री जागवणाऱ्या मुंबईकरांना हे गाव चांगले परिचयाचे आहे. रविवारच्या दुपारी इथल्या एखाद्या सोसायटीत डोकावले, तर टीव्हीसमोर बसलेली बच्चेकंपनी हमखास दिसते. पडद्यावर 'हॉटेल ट्रान्सिल्व्हानिया' चालू असेल तर विचारायलाच नको. त्यात ड्रॅक्युला हॉटेलचा मालक असतो, ममी आणि लांडगा-माणूस त्याचे पाहुणे असतात आणि चौकोनी डोक्याचा, टाके घातलेला धिप्पाड फ्रँक सर्वांचा लाडका असतो. एकेकाळी ज्या आकृत्यांनी मोठ्या माणसांचा थरकाप उडवला, त्यांच्याकडे पाहून आजची मुले पोट धरून हसतात.

या चौकोनी डोक्यामागे एक खराखुरा चेहरा होता. बोरिस कार्लॉफ हे त्याचे नाव. भयपटांचा सम्राट म्हणून जगाने त्याला ओळखले आणि आयुष्याच्या अखेरीस त्यानेच या राक्षसांना बाहुल्यांच्या विनोदी चित्रपटात आपला आवाज दिला. त्याच्या आईच्या माहेरचा धागा मात्र थेट आपल्या अहमदनगरपर्यंत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपर्यंत येऊन पोहोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

लष्करी छावणीतले घराणे

कार्लॉफचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या कॅम्बरवेल भागात झाला. वडील एडवर्ड प्रॅट हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारच्या मीठ-महसूल खात्यात अधिकारी होते. आई एलायझा सारा मिलर्ड हिचा जन्म १८४८ मध्ये हिंदुस्थानातच झाला आणि १८६४ मध्ये सुरत येथे तिचा विवाह झाला. एलायझाची मावशी म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली आणि पुढे 'द किंग अँड आय' या संगीतिकेमुळे घराघरांत पोहोचलेली ती हीच अ‍ॅना.

अ‍ॅनाचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगर येथे झाला. तिचे वडील थॉमस एडवर्ड्स हे मुंबई इलाख्याच्या सैन्यातले साधे सार्जंट होते आणि मुलीच्या जन्मापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. आजोबा विल्यम ग्लॅस्कॉट मुंबईच्या सैन्यात लेफ्टनंट होते. आजीचे नाव कागदोपत्री कुठेच आढळत नाही. ती भारतीय किंवा मिश्र वंशाची असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. अ‍ॅनाचे लग्न १८४९ च्या नाताळात पुण्यात झाले. तेव्हा कल्याणहून वांगणीमार्गे खोपोलीपर्यंत जाणारी रेल्वेही सुरू झालेली नव्हती. ती १८५६ मध्ये धावू लागली.

पुढे नाव कमावल्यावर अ‍ॅनाने आपला जन्म वेल्समध्ये झाल्याचे सांगितले आणि छावणीतल्या गरिबीवर, मिश्र रक्तावर कायमचा पडदा टाकला. बहिणीच्या कुटुंबाशी तिने संबंधही ठेवले नाहीत. त्या काळच्या इंग्रज समाजात मिश्र रक्ताचा नुसता संशय माणसाची पायरी खाली आणण्यास पुरेसा होता, हे लक्षात घेतले तर तिच्या लपवाछपवीचा उलगडा होतो. खरे गाव उजेडात यायला १९७० चे दशक उजाडावे लागले. तोपर्यंत बोरिस कार्लॉफही हयात नव्हता.

घर सोडले, नाव सोडले

विल्यम नऊ भावंडांतला सर्वांत धाकटा. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि थोरल्या भावंडांनी त्याला वाढवले. भाऊ एकेक करून सरकारी नोकऱ्यांत शिरले. त्यांतले सर जॉन प्रॅट पुढे चीनविषयक मुत्सद्दी म्हणून नावाजले. विल्यमनेही वकिलातीची वाट धरावी, अशी घरच्यांची अपेक्षा होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्याने नावही घातले. परंतु मन रमले ते नाटकात. सावळा वर्ण, किंचित फेंगडे पाय, तोतरेपणा आणि 'स'च्या उच्चारातला दोष अशा सामग्रीवर नट होऊ पाहणे म्हणजे वेडेपणाच होता. तोतरेपणावर त्याने मात केली. उच्चारातला दोष मात्र राहिला आणि पुढे तीच त्याच्या आवाजाची खूण ठरली.

१९०९ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून तो कॅनडाला निघून गेला. शेतावर राबला, पडेल ती मजुरी केली. अखेर १९११ च्या सुमारास एका फिरत्या नाटक मंडळीत त्याला काम मिळाले आणि विल्यम प्रॅटचा बोरिस कार्लॉफ झाला. नाटकधंद्यामुळे घराण्याच्या नावाला बट्टा नको, हा त्यामागचा विचार असल्याचे मानले जाते. अ‍ॅनाने जन्मगाव बदलले होते, तिच्या बहिणीच्या नातवाने नाव बदलले.

पहिले महायुद्ध संपता संपता कार्लॉफ हॉलीवूडमध्ये दाखल झाला. तिथे यश दारात उभे नव्हते. मूकपटांत त्याच्या वाट्याला आल्या त्या फुटकळ भूमिका. वर्ण सावळा असल्याने कधी अरब, कधी मेक्सिकन, तर कधी हिंदुस्थानी नोकर वा खलनायक. १९२१ च्या 'द होप डायमंड मिस्टरी' या मालिकापटात त्याने हिंदुस्थानी नोकर रंगवला. लपवलेले आजोळ असे रंगभूषेच्या वाटेने परत येत होते. काम नसेल तेव्हा मालमोटार चालवून आणि ओझी वाहून तो पोट भरत असे. अशी दहा-बारा वर्षे गेली.

प्रश्नचिन्हाचा नट

१९३१ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीवरून 'फ्रँकेनस्टाईन' काढायला घेतला. फ्रँकेनस्टाईन हे मुळात शास्त्रज्ञाचे नाव. त्याने मृतदेहांच्या तुकड्यांतून घडवलेल्या जिवाला नावच नाही. दिग्दर्शक जेम्स व्हेल यांची नजर कार्लॉफच्या चेहऱ्यावर पडली आणि निनावी राक्षसाची ती भूमिका त्याच्याकडे आली. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास खपून तो चेहरा उभा करीत. सपाट माथा, मानेतले खिळे, मेणाने जड केलेल्या पापण्या हा सगळा थाट त्यांचा. गाल खोल जावा म्हणून कार्लॉफने आपली कृत्रिम दाढ काढून ठेवली. अंगावर जड पोशाख, पायांत वजनदार बूट आणि खांद्यावर सहकलाकाराला घेऊन चढण चढण्याचे प्रसंग. या चित्रीकरणात दुखावलेली पाठ त्याला जन्मभर सतावत राहिली.

चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावासमोर नटाचे नाव नव्हते, होते केवळ प्रश्नचिन्ह. पहिल्या खेळाचे निमंत्रणही त्याला मिळाले नाही. पण चित्रपट झळकला आणि चव्वेचाळीस वर्षांचा हा नट एका रात्रीत तारा झाला. याचे कारण केवळ रंगभूषा नव्हे. शब्दाविना वावरणाऱ्या त्या देहात कार्लॉफने भेदरलेले मूल पाहिले होते. छतातून येणाऱ्या उजेडाकडे हात पसरणारा, फुले पाण्यावर तरंगताना पाहून हरखणारा आणि त्याच खेळाच्या भरात नकळत एका मुलीचा जीव घेणारा हा राक्षस दुष्ट नव्हता. त्याला कुणी आपले म्हटले नव्हते, इतकेच. मोठी माणसे घाबरली. लहान मुले मात्र कार्लॉफला पत्रे लिहून राक्षसाबद्दल हळहळ व्यक्त करीत आणि या पत्रांचे त्याला विशेष अप्रूप होते.

पुढच्याच वर्षी 'द मम्मी' आला. १९३५ मध्ये 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाईन' आला आणि जाहिरातीत एकच आडनाव पुरेसे ठरू लागले. यशाने तो हुरळला नाही. नटांना वाटेल तितके तास राबवून घेणाऱ्या स्टुडिओंचा त्याला पुरेपूर अनुभव होता. १९३३ मध्ये चित्रपट कलावंतांची संघटना उभी राहिली, तेव्हा कार्लॉफ संस्थापकांत होता; त्याच्या सभासदत्वाचा क्रमांक नववा. त्याच वर्षी एका चित्रपटासाठी तो मायदेशी गेला. नाटकवाल्या धाकट्या भावाचे आता कसे स्वागत होईल, अशी धाकधूक त्याच्या मनात होती. प्रत्यक्षात सरकारी अधिकारी असलेले भाऊ त्याच्यासोबत छायाचित्र काढून घेण्यासाठी पुढे सरसावले.

भयाकडून हास्याकडे

१९३९ मधील 'सन ऑफ फ्रँकेनस्टाईन' नंतर कार्लॉफने चित्रपटांत राक्षसाची भूमिका पुन्हा केली नाही. या पात्रात आता नवे काही उरले नाही, पुढे त्याचे केवळ हसे होईल, असे त्याला वाटत होते. अंदाज चुकला नाही. १९४८ मध्ये अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडगोळीसमोर फ्रँकेनस्टाईनचा राक्षस उभा राहिला तेव्हा ती भूमिका दुसऱ्याने केली. कार्लॉफने केवळ प्रसिद्धीला हातभार लावला. आपल्याच प्रतिमेची थट्टा करण्याचे मात्र त्याला वावडे नव्हते. १९४१ मध्ये ब्रॉडवेवर गाजलेल्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' नाटकात त्याने साकारलेल्या गुन्हेगाराचा चेहरा बोरिस कार्लॉफसारखा दिसतो, हाच मुळी त्यातला विनोद होता. १९५० मध्ये 'पीटर पॅन'चा कॅप्टन हुक होऊन त्याने बालप्रेक्षकांनाही जिंकले.

हळूहळू चेहऱ्यापेक्षा आवाज मोठा होत गेला. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या बालकथा त्याने ध्वनिमुद्रिकांवर वाचल्या. त्याच्या आवाजाची नक्कल करणारे 'मॉन्स्टर मॅश' हे गाणे १९६२ मध्ये अमेरिकेत अव्वल ठरले. १९६६ मध्ये चक जोन्स दिग्दर्शित 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' या अ‍ॅनिमेशनपटात निवेदक आणि नाताळचा आनंद चोरू पाहणारा ग्रिंच, असे दोन्ही आवाज कार्लॉफचे होते. त्याच्या ध्वनिमुद्रिकेला पुढे ग्रॅमी मिळाले.

पाठोपाठ १९६७ मध्ये रँकिन-बास कंपनीचा 'मॅड मॉन्स्टर पार्टी?' आला. बाहुल्या कणाकणाने हलवून, एकेक चौकट टिपून केलेला हा पूर्ण लांबीचा विनोदपट. 'मॅड' मासिकाचे हार्वी कर्ट्‌झमन हे त्याच्या लेखकांपैकी एक. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा बॅरन बोरिस फॉन फ्रँकेनस्टाईन आपल्या बेटावर ड्रॅक्युला, ममी, लांडगा-माणूस, अदृश्य माणूस अशा साऱ्यांना बोलावतो आणि वारसा भलत्याच कुणाला नव्हे, तर आपल्या बावळट, चष्मिस्ट भाच्याला देण्याचे ठरवतो. गादीसाठी राक्षसांत एकच धुमश्चक्री माजते. बॅरनची बाहुली कार्लॉफच्या चेहऱ्यावर बेतलेली आणि आवाजही त्याचाच. छत्तीस वर्षांपूर्वी शास्त्रज्ञाच्या टेबलावर निपचित पडलेला नट आता स्वतः शास्त्रज्ञ झाला होता. त्याच्या नावाच्या जागी एकेकाळी छापलेले प्रश्नचिन्ह या वेळी चित्रपटाच्या नावात होते, हा केवळ योगायोग. चित्रपटाने तेव्हा फार मोठी मजल मारली नाही. मात्र सारे राक्षस एका छताखाली जमवून त्यांचे रुसवेफुगवे रंगवण्याची ही कल्पना २०१२ च्या 'हॉटेल ट्रान्सिल्व्हानिया'त पुन्हा दिसते.

त्या वेळी कार्लॉफ ऐंशीला टेकला होता. संधिवाताने पाय जखडले होते, फुप्फुसे निकामी होत चालली होती. चित्रीकरणात दोन प्रसंगांच्या मध्ये चाकांच्या खुर्चीत बसून प्राणवायू घ्यावा लागे. तरीही त्याने काम थांबवले नाही. १९६८ मधील 'टार्गेट्स'मध्ये त्याने एक थकलेला भयपट-नट रंगवला, तो जणू स्वतःच. २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमध्ये मिडहर्स्ट येथील रुग्णालयात वयाच्या ८१ व्या वर्षी त्याची प्राणज्योत मालवली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने चित्रपटांतील गाजलेल्या राक्षसांवर तिकिटे काढली. त्यांत फ्रँकेनस्टाईनचा राक्षस आणि ममी या दोन तिकिटांवर कार्लॉफ होता.

ज्याला चेहरा दिसला नाही

'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाईन'मध्ये एक प्रसंग आहे. गावकऱ्यांनी पिटाळलेला, जखमी राक्षस रानातल्या एका झोपडीशी येतो. आत एक अंध वृद्ध व्हायोलिन वाजवत असतो. त्याला पाहुण्याचा चेहरा दिसत नाही; दिसते ती त्याची वेदना. तो त्याला जेवू घालतो, निजायला जागा देतो, मैत्री या शब्दाचा अर्थ शिकवतो. राक्षसाच्या आयुष्यातले हे एकमेव सुखाचे घर. डोळस माणसे दारात येतात आणि ते घर मोडते.

वांगणीत हा प्रसंग वेगळ्या अर्थाने आठवतो. या गावात अनेक दृष्टिहीन कुटुंबे राहतात. लोकलच्या डब्यांत किरकोळ वस्तू विकून संसार चालवणारी ही माणसे मुंबईकरांना रोज भेटतात. बहुतेकांची नजर मात्र मोबाइलवरून उठत नाही. १७ एप्रिल २०२१ रोजी याच स्थानकात एका दृष्टिहीन मातेचे मूल रुळांवर पडले आणि समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धाव घेऊन त्याला वाचवले. तेवढ्या एका दिवसापुरते साऱ्या देशाचे लक्ष या गावाकडे आणि इथल्या माणसांकडे गेले.

चेहरा पाहून माणसाचे मोल ठरवण्याची सवय जुनी आहे. तिच्या धाकाने नगरच्या छावणीतल्या एका मुलीने आपले गाव पुसून टाकले आणि तिच्या बहिणीच्या नातवाने जगातला सर्वांत भयंकर चेहरा धारण करून त्याच्याआडचा माणूस दाखवला. वांगणीतल्या घरांत मुले राक्षसांना पाहून हसत असतील, तर कार्लॉफला त्याचे वाईट वाटले नसते. त्याच्या राक्षसाला भीतीपेक्षा सोबतच हवी होती.