मेरीला साडी नेसवणाऱ्या पोर्ट्रेट पेंटर अँजेला त्रिंदाद

चर्चमधली मेरी डोळ्यांसमोर आणा. गोरी, निळा झगा, डोक्यावरून ओढणीसारखं वस्त्र. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती अशीच दिसते, कारण ती युरोपातून तशीच आली. मुंबईत वाढलेल्या एका गोवेकर बाईंनी तिला साडीत रंगवलं आणि त्यांच्या कामाची दखल थेट पोपनी घेतली.

अँजेला त्रिंदाद यांचा जन्म १९०९ चा. वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद मूळचे गोव्यातल्या सांग्याचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. पोर्ट्रेटमध्ये हात असा की लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणायचे. बऱ्याचदा मॉडेल कोण, तर बायको फ्लोरेंतिना. १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते तिच्याच चित्राला. थोडक्यात, अँजेलासाठी घर हीच पहिली शाळा.

दुसरी शाळा जे. जे. तिथे तेव्हा ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख होते. एकीकडे समोर माणूस बसवून हुबेहूब रेखाटन, दुसरीकडे भारतीय वळणाची भित्तिचित्रं, असा त्यांचा दुहेरी आग्रह. अँजेला दोन्हीत तयार झाल्या.

१९३५ साली वडील गेले. पोर्ट्रेट करून नाव मिळवता आलं असतं, तेवढी तयारी होतीच. पण सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर हेरास यांच्या प्रोत्साहनाने त्या बायबलच्या विषयांकडे वळल्या, तेही भारतीय शैलीत.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. आंजेलो दा फोन्सेका या गोव्याच्याच चित्रकाराने अशीच साडीतली मेरी काढली, तेव्हा गोव्यात त्यांच्यावर इतकी टीका झाली की ते पुण्यात येऊन राहिले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. भारतीय चेहऱ्याची मेरी तिथे अनेकांना देवाचा अपमान वाटायची.

अँजेलांना मात्र १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांच्याकडून सन्मानपदक मिळालं. गोवा मुक्त व्हायला अजून सहा वर्षं होती!

पुढे त्यांची चित्रं त्रिकोणांमध्ये विरघळत गेली. पोर्तुगीजमध्ये त्रिंदाद म्हणजे पवित्र त्रैक्य, त्यामुळे त्रिकोण आडनावातही होता आणि श्रद्धेतही. या शैलीला त्यांनी आपल्या आडनावावरूनच नाव दिलं.

१९८० मध्ये त्यांचं निधन झालं. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेची गोष्ट निघाली की सूझांचं नाव येतं, तेही गोव्याचेच. अँजेलांचं क्वचितच येतं. त्यांची आणि वडिलांची चित्रं एकत्र बघायची असतील, तर पणजीत फोंतेन्यास भागातल्या फुंदासाव ओरिएंत संस्थेत त्रिंदाद संग्रह आहे.