धन्यवादित कार्लो न्योक्की : अपंग बालकांचे पिता

२५ ऑक्टोबर हा धन्यवादित कार्लो न्योक्की यांचा स्मरणदिन. मदर तेरेजा, डॉन बॉस्को आपल्या घराघरांत पोहोचले आहेत. न्योक्की मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून या रविवारी त्यांची ओळख करून देण्याचे आम्ही योजले आहे.

त्यांचा जन्म १९०२ साली इटलीतील मिलान शहराजवळच्या एका गावात झाला. वडील संगमरवराचे कारागीर. दगडाच्या धुळीने त्यांची छाती पोखरली आणि कार्लो लहान असतानाच ते गेले. पाठोपाठ दोघे भाऊ क्षयाने गेले. उरले आई आणि कार्लो. १९२५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते तरुणांमध्ये रमले. दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा मुले रणांगणावर असताना आपण सुरक्षित राहावे हे त्यांना पटेना. ते स्वेच्छेने सैन्याचे चॅप्लिन झाले. १९४३च्या जानेवारीत रशियाच्या बर्फातून माघार घेताना असंख्य जवान मेले. फादरही कोसळले होते, पण कुणीतरी त्यांना स्लेजवर घेतले म्हणून वाचले. मरणाऱ्या जवानांनी सांगितलेले निरोप घेऊन परतल्यावर ते डोंगरातल्या खेड्यांत, घरोघरी फिरले.

युद्ध संपले तरी त्याचे विष उरले होते. शेतात, रस्त्याकडेला पडलेले बॉम्ब मुले खेळणे समजून उचलत आणि हात, पाय, डोळे गमावून बसत. १९४५ पासून फादरांनी आधी जवानांची अनाथ मुले आणि मग ही जखमी मुले आपल्याजवळ घेतली. नुसता आसरा आणि दोन वेळचे जेवण त्यांना पुरेसे वाटत नव्हते. शस्त्रक्रिया, कृत्रिम हातपाय, शाळा, हातांना कसब आणि खेळायला अंगण, हे सगळे त्या मुलांना मिळालेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आम्हांला हे फार मोलाचे वाटते. आपल्यातही पाहुणे आले की अपंग मुलाला मागच्या खोलीत ठेवणारी घरे अजून आहेत.

खर्च अफाट होता. १९४९ मध्ये त्यांच्या दोन मित्रांनी निधीसाठी लहानशा विमानातून मिलानहून थेट अर्जेंटिना गाठले! पुढे पोलिओची मुले येऊ लागली. तो आजार काय करतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

२८ फेब्रुवारी १९५६ रोजी कर्करोगाने फादरांचे निधन झाले. पुढे परमगुरू सहावे पॉल झालेले मिलानचे आर्चबिशप मोन्तीनी यांनी अंत्यविधीचा मिस्सा अर्पण केला. आपले डोळे दोन अंध मुलांना द्यावेत, ही फादरांची शेवटची इच्छा होती. इटलीत तेव्हा नेत्रदानाचा कायदाच नव्हता. तो १९५७ मध्ये झाला. तरीही डॉक्टरांनी धीर करून एका मुलाला आणि एका मुलीला दृष्टी दिली. २००९ साली मिलानमध्ये फादरांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्या दोघांपैकी मुलगा मोठा झाल्यावर फादरांच्याच संस्थेत काम करू लागला.